भार कुणावर?

आधीच सांगते, मी भुताखेतांवर विश्वास ठेवणारी बाई नाही. मी स्ट्रक्चरल इंजिनिअर आहे. पंधरा वर्षं लोकांच्या भिंती, तडे आणि गळक्या गच्च्या बघतेय. पण हे घडलंय. माझ्या सख्ख्या भावाच्या घरात, मागच्या मार्चमधल्या एका मंगळवारी, दुपारी पावणेचारला. लख्ख उजेडात.

आणि चूक माझी होती. तेही आधीच सांगून टाकते.

दादाचं घर दुमजली. खाली हॉल आणि स्वयंपाकघर, वर झोपायच्या दोन खोल्या. वहिनींना हॉल आणि स्वयंपाकघर यांच्यामधली भिंत नको होती. "जन्मभर काय भिंतीशीच बोलत स्वयंपाक करू?" असं त्यांचं म्हणणं.

दादाने मला व्हिडिओ कॉल लावला. मिस्त्रीने हातोडीने भिंत वाजवून दाखवली. पोकळ आवाज आला. वरच्या मजल्यावर याच रेषेत भिंत आहे का, मी विचारलं. नाही म्हणाले.

"पडदी आहे नुसती, भार नाही तिच्यावर. काढा खुशाल," मी सांगितलं. तोंडात टूथब्रश होता माझ्या.

परक्या माणसाला मी फोनवर असं कधीच सांगत नाही. जाते, गिलावा खरवडते, स्लॅबच्या सळ्या कुठल्या दिशेने गेल्यात ते बघते आणि मगच तोंड उघडते. पण हे पडलं घरचं काम. घरच्या कामात आपण सगळेच हलगर्जीपणा करतो.

त्या मंगळवारी मी जवळच एका साइटवर होते, म्हणून सहज डोकावले.

भिंत गेली होती. वहिनी त्याच जागी वाकून केर काढत होत्या. वर भाचीच्या खोलीत गाणी चालू होती. मी मान वर केली...



भिंत जिथे होती, त्याच्या बरोब्बर वर स्लॅबला जोड होता. हॉलचा स्लॅब वेगळा, स्वयंपाकघराचा वेगळा. दोघांचीही टोकं त्या भिंतीवर टेकवलेली. ती पडदी नव्हतीच. भाचीची खोली त्या भिंतीने तोलून धरली होती.

आता ती दोन्ही टोकं हवेत होती.

"वहिनी, बाहेर चला. तिलाही खाली बोलवा."

"अगं, एवढा केर तरी..."

"बाहेर!"

वहिनींवर मी आयुष्यात पहिल्यांदा ओरडले. त्या मुकाट्याने लेकीला घेऊन अंगणात गेल्या.

मिस्त्रीला विचारलं, भिंत पूर्ण कधी निघाली?

"शेवटचा थर बाराला काढला, ताई."

पावणेचार तास! टेकू एकही नव्हता. असा स्लॅब पावणेचार मिनिटंसुद्धा राहायला नको.

मी कान देऊन ऐकलं. स्लॅब कोसळायच्या आधी आवाज करतो. बारीक कुरकुर होते, भुकटी पडते. इथे...

काहीच नाही.

एक तडा नाही. एक कण नाही.

मिस्त्री जवळ आला. हा एरवी मोठ्या आवाजाचा माणूस, पण आता पुटपुटत होता.

"ताई, हसू नका. शेवटची वीट काढली ना... तेव्हा कुणीतरी 'हं' केलं."

"कुणी?"

"काय माहीत. हमाल पोतं पाठीवर घेताना करतो ना, तसं."

मी हसले नाही.

संध्याकाळपर्यंत आठ लोखंडी टेकू लावले. प्रत्येकाचा स्क्रू मी स्वतः आवळला. दादाच्या घरच्यांना त्या रात्री शेजाऱ्यांकडे झोपवलं.

सकाळी आले, तर आठही टेकू सैल.

टेकूचं डोकं आणि स्लॅब यांच्यात बोट जाईल एवढी फट. मला वाटलं, टेकू खचले. टेप लावून मोजले. एकही खचला नव्हता.

म्हणजे... स्लॅब वर गेला होता.

स्लॅब खाली येतो हो. वर जात नाही.

मी कुणाला काही बोलले नाही. तीन दिवसांत लोखंडी गर्डर बसवला, दोन्ही बाजूंना खांब दिले, पाचरी ठोकल्या. मग टेकू काढले. या टोकापासून त्या टोकापर्यंत दोरी ताणली आणि गर्डरचा मधला झोल मोजला. एवढ्या भाराखाली गर्डर चारेक मिलिमीटर वाकायला हवा.

शून्य.

दुसऱ्या दिवशी शून्य. महिन्यानेही शून्य. गर्डर नुसता शोभेला बसला होता. घरचे राहायला आले, फरशी झाली, वहिनी खूश झाल्या. मला मात्र चैन नव्हतं. भार हवेत विरत नाही. तो कुठून तरी जमिनीत उतरतोच.

म्हणून मी खाली बघितलं.

जिथे भिंत होती, तिथल्या दोन नव्या फरशा पिचल्या होत्या. एक जरा पुढे, एक मागे. प्रत्येकीवर एक लांबट खळगा.

मी माझं पाऊल त्यात ठेवून बघितलं. खळगा मोठा होता.

"फरशीवाल्याने चुना लावला आपल्याला," वहिनी वैतागून म्हणाल्या. "दोनदा बदलून घेतल्या. पुन्हा त्याच दोन फुटतात."

गेल्या रविवारी सकाळी सगळे बाजारात गेले होते. मी एकटीच होते. दोरी लावली. शून्य. मग त्या दोन फरशांसमोर उभी राहिले. स्वतःचीच लाज वाटत होती, पण बोलले.

"अहो... चूक माझी होती. तुम्ही माझी माणसं वाचवलीत. तुमचे उपकार मी विसरणार नाही. पण आता गर्डर बसलाय. सोडा तुम्ही."

काही नाही. फ्रिजची घरघर तेवढी चालू होती.

मग तीही थांबली.

आणि माझ्या कानाच्या अगदी जवळ...

"अंहं."

मी चपला हातात घेऊनच बाहेर पळाले.

गर्डरचं गणित मी तीनदा तपासलंय. माझ्या जुन्या साहेबांकडूनही तपासून घेतलंय. बरोबर आहे. पण व्हिडिओ कॉलवर बोलतानाही मला तसंच वाटलं होतं. आणि तो भार मी कागदावर मांडलाय, त्याने अंगावर घेतलाय. तो नाही म्हणतोय.

काल दादाला म्हटलं, महिनाभर सगळे माझ्याकडे राहायला या.

"का गं? घराला काही झालंय का?"

काय सांगू? तो हसला, म्हणाला, सुट्टीत बघू.

म्हणजे आज ते तिथेच झोपणार. भाची वरच्या खोलीत.

आणि तो आवाज... फार दमलेला होता हो.