डोळ्यांची एकच जोडी

फोन खाली ठेवा आधी. त्यातल्या फोटोंवर तुमचा फार विश्वास, म्हणून सांगतो. ऐकीव नाही हे. मी तेव्हा एका फोटो स्टुडिओवाल्याच्या फ्रेमा करायचो; अर्धं डोळ्यांनी पाहिलंय, अर्धं त्याच्याच तोंडचं.

हा स्टुडिओवाला म्हणजे एक नंबरचा कामचुकार. घरात कुणी गेलं आणि धड फोटो नसला, की लोक मयताचाच फोटो घेऊन याच्याकडे यायचे. हा कॉम्प्युटरवर डोळे उघडून द्यायचा. कुणाचे डोळे? स्वतःच्या वारलेल्या थोरल्या भावाचे! त्याचा फोटो दुकानात टांगलेला होताच. तीच जोडी सगळ्यांना, म्हातारा असो की तरणा. आणि लोक असे दिव्य, की तो फोटो पाहून रडायचे, "अगदी तेच बघणं हो!"

गेल्या वर्षी अकरा मार्चला, रात्री पावणेनऊला, तो एका घरी फ्रेम पोचवायला गेला. तरुण मुलगा गेला होता. आईने फोटो हातात घेतला. बराच वेळ पाहत राहिली.

"हा माझ्याकडे बघतोय," ती म्हणाली, "पण मला ओळखत नाही. मिटलेल्या डोळ्यांचाच द्या हो. तो माझा तरी होता."

"सवय होईल, मावशी," म्हणाला हा निर्लज्ज, आणि निघाला.

उकाड्यामुळे गल्लीतल्या खिडक्या उघड्या होत्या. घरोघरी भिंतीवर यानेच केलेले फोटो. समोर बघणारे डोळे कुठूनही आपल्याकडेच बघतात, ही गंमत तोच गिऱ्हाइकांना ऐटीत समजावून सांगायचा.

पहिली खिडकी. दुसरी. तिसरीपाशी थबकला.

डोळे त्याच्याकडे बघत नव्हते.

त्याच्या मागे बघत होते.

पुढची खिडकी... तिथेही. त्याच्या खांद्यावरून, मागे.

मागे पाऊल वाजलं नाही. काहीच वाजलं नाही...

तो वळला नाही. पळत सुटला. शटर वर केलं. दिवा लावला. समोर भावाचा फोटो.

तोही दाराकडे बघत होता.

मला फोन आला. "ये..." एवढंच. गेलो, तर हा शूर माणूस कोपऱ्यात तोंड करून, डोळे घट्ट मिटून उभा. सकाळपर्यंत उघडले नाहीत.

सकाळी ती आई आली, फ्रेम छातीशी धरून. मला वाटलं, परत करायला आली.

"उपकार झाले," ती म्हणाली. "रात्रीच बदलून दिलात."

मुलाचे डोळे मिटलेले होते.

मी फ्रेम उलटी केली. मागून फ्रेम बंद करणारी कागदी पट्टी माझ्याच हातची. चारही बाजूंनी शाबूत.