वरून द्यायचं उत्तर

मोठे डॉक्टर, तुम्ही त्या माणसाला जन्मभरासाठी जमिनीवर आणायला निघाला होतात. तेही यंत्राच्या पडद्यावरच्या एका वाकड्या रेघेवरून. त्याच्या रक्ताकडे ढुंकूनही बघितलं नाहीत.

तो क्रेनवाला. उंच क्रेनच्या टोकाशी, काचेच्या खोपट्यात बसणारा. हृदयाची झडप दुरुस्त करून वॉर्डात पडला होता. आणि ती तुमच्याच विभागातली संशोधक डॉक्टर. ऑपरेशननंतर हृदयाची लय बिघडायच्या आधी रक्तात सुजेच्या, ताणाच्या खुणा वाढतात का, हे ती शोधत होती. त्या सकाळी ती चुकून भलत्याच खाटेचा पडदा सारून आत शिरली.

"चुकलात तरी चालेल," तो म्हणाला, "बाही वर केलीच आहे."

ती हसली... आणि तोही तिच्या अभ्यासात सामील झाला. मग रोज सकाळी तेच. रक्तावरून स्वभाव कळतो का, असं तो विचारायचा. बडबड तेवढी जास्त दिसतेय, असं ती सांगायची. सुई टोचताना तिची बट पुढे यायची, तो छताकडे बघायचा, आणि उशाशी ठोके मोजणारं यंत्र किंचाळायचं.

त्या किंचाळण्यावर तुम्ही निकाल दिलात: लय चुकतेय, उंचीवरचं काम बंद. त्या दिवशी तो भिंतीकडे तोंड करून पडून राहिला. बाही वर केली नाही.

ती चक्रावली. रक्तातल्या खुणा तर रोज उतरत होत्या. मग ठोका चुकतो कशाने?

"मॅडम, तुम्ही आलात की यंत्र बोंबलतं," सिस्टर म्हणाली. "मी जवळ गेले की चिडीचूप. आमचं नशीब."

ती आधी हसली. मग हसू विरलं. त्याचं सगळं काम तिने दुसऱ्या डॉक्टरकडे सोपवलं आणि त्या वॉर्डाकडे फिरकली नाही. रेघ सुरळीत चालू लागली.

पुढच्या राउंडला ती मुद्दाम तुमच्या मागून आली आणि खाटेशी उभी राहिली. यंत्र किंचाळलं.

"सर, त्यांचा ठोका माझ्यामुळे चुकतो," ती म्हणाली. कान लाल, आवाज मात्र ठाम. "माझाही चुकतो. मला कुणी यंत्र लावलेलं नाही, एवढंच. नुसत्या रक्तावर विसंबा असं मी म्हणत नाही. घरी यंत्र लावून देऊ, महिनाभर बघू. पण शिक्का आज मारू नका."

शिकाऊ डॉक्टर आपापले बूट न्याहाळू लागले. तुम्ही खाकरलात, "बघू" म्हणालात आणि पुढच्या खाटेकडे सटकलात.

ती मात्र तिथेच उभी.

"असं आडवं पडून उत्तर देणार नाही," तो म्हणाला. "वरून देईन."

महिनाभर रेघ सुरळीत राहिली. तपासण्या झाल्या, कामाची परवानगी मिळाली, आणि तुम्हाला सही करावी लागली. तो पुन्हा चढला त्या सकाळी ती खाली उभी होती, डोक्यावर ढगळ हेल्मेट, हातात मुकादमाचा वॉकीटॉकी. कामगार हातातलं काम टाकून वर बघत होते.

"पोचलात?"

"पोचलो." वाऱ्याची घरघर... मग त्याचा आवाज. "इथून सगळं लहान दिसतं. तुम्ही सोडून."

तिने बटण घट्ट दाबलं.

"गोड बोलून टाळू नकोस. यंत्र नाही, पडदा नाही, मोठे डॉक्टरही नाहीत. मी सगळ्यांसमोर बोलले, आता तूही बोल. हो की नाही? उत्तर दे."