बाबांना न पाठवलेली कॅसेट

जरा कल्पना करा बरं. एक बिनखिडकीची खोली, छतापर्यंत रचलेल्या जुन्या टेप, आणि त्यांच्यात मान खाली घालून बसलेली एक मुलगी. टीव्ही केंद्रात सगळे तिला ‘चिकट’ म्हणत. तुटलेल्या टेप चिकटवते म्हणून, आणि हाती घेतलेलं काम सोडत नाही म्हणूनही.

यंदा तिच्या हाती आला होता तुमच्या आईबाबांच्या लहानपणी गाजलेल्या मालिकेच्या पहिल्या पर्वाचा शेवटचा भाग. नायिका बोटीवर चढते, नायक धक्क्यावर धावत येतो आणि काहीतरी म्हणतो… चित्र स्वच्छ होतं. आवाज मात्र पार पुसला गेला होता.

“शनिवारी दाखवायचाय,” साहेब म्हणाले. “नाही जमलं तर दुसरं काही लावू.”

“हाच लागेल,” ती म्हणाली.

त्यातच खोलीतलं घड्याळ बंद पडलं. ती ते घेऊन दुकानात गेली, तर घड्याळवाला डोळ्याला भिंग लावून त्याच मालिकेची धून गुणगुणत होता.

“ही कशी येते तुम्हाला?”

“पाठच आहे. बाबा परदेशी नोकरीला होते ना. आई प्रत्येक भागाचा आवाज कॅसेटवर टेप करून त्यांना पाठवायची. शेवटची कॅसेट तेवढी घरीच राहिली. का, ते आठवत नाही. पाच वर्षांचा होतो मी.”

तिने पुसल्या गेलेल्या आवाजाचं सांगितलं, आणि दुसऱ्या दिवशी तो ती कॅसेट घेऊन केंद्रात आला. पण चित्रासोबत लावली तर आवाज ओठांच्या मागे पडू लागला. त्याने मनगटावरचं घड्याळ काढून समोर ठेवलं. “मिनिटाला दोन सेकंद मागे. येईल वळणावर.”

चार दिवस दोघं मिनिट मिनिट जुळवत बसले.

“दुकानाचं काय?”

“बंद आहे.”

“आणि गिऱ्हाईकं?”

“त्यांची घड्याळं माझ्याकडेच आहेत. उशीर झालेला कळणार कसा?”

ती हसली… आणि एक जोड चुकली.

शुक्रवारी दुपारी ते धक्क्यापाशी पोहोचले. नायकाने तोंड उघडलं, आणि नेमकी कॅसेटमध्ये दाराची कडी वाजली. “बाबा आले, बाबा आले,” असा गलका उठला. वाक्य त्यात बुडालं.

“म्हणून पाठवली नाही ही,” घड्याळवाला हळूच म्हणाला.

साहेब दारातूनच म्हणाले, “कुणाच्या तरी आवाजात एखादं वाक्य घाला.”

“खोटं वाक्य जोडणार नाही. हे असंच दाखवायचं.” मग ती घड्याळवाल्याकडे वळली. “तुमच्या घरचा आवाज आहे. चालेल ना?”

“चालेल.”

“पण… काय म्हणाला असेल तो?”

“त्याचं ठाऊक नाही. मी म्हणालो असतो — जाऊ नकोस.”

तिने नजर पडद्यावरच ठेवली. “मी कुठे जातेय? उद्याही इथेच आहे. परवाही.”

“मग परवा आईला घेऊन येऊ?”

“ये. पण आधी दुकान उघड. लोक खोळंबलेत.”

कॅसेट अजून फिरतच होती. गलका ओसरला. एक भारदस्त आवाज काहीतरी विचारू लागला, तोच पाच वर्षांचा तो मुलगा म्हणाला, “श्श, बाबा. बोलायचं नाही. हे बाबांना पाठवायचंय.”

आणि त्याने आपला इवलासा हात त्यांच्या तोंडावर ठेवला असणार, कारण पुढे शेवटपर्यंत बाबांचा आवाज आला नाही.