राहिलेली बावीस न्हाणी

खोटं सांगणाऱ्याच्या तोंडात माती पडते म्हणतात. पण त्या साली तोंडात पडायला मातीशिवाय दुसरं होतं तरी काय? तेव्हा ही गोष्ट खरीच समजा.

लातूरला आगगाडीनं पाणी येत होतं आणि उदगीरला नवा जिल्हा येणार अशी बातमी येत होती, तो उन्हाळा. उदगीरकर दोन्हींची वाट एकाच रांगेत, घागरीवर बसून बघत होते.

लातूरची 'मायेची सावली' नावाची एक संस्था अंथरुणाला खिळलेल्या म्हाताऱ्यांच्या घरी सेविका पाठवायची. त्या सेविका काम कसं करतात ते घरी जाऊन बघायचं आणि मार्क द्यायचे, हे गुरुपादप्पाचं काम. माणूस त्यासाठीच जन्मला होता. तीस वर्षं शाळेत गणित शिकवलं, पण शंभरपैकी शंभर कुणाच्या बापाला दिले नाहीत. उत्तर बरोबर आलं की अक्षराचे दोन कापायचा. अक्षर मोत्यासारखं असलं की घमेंडीचे दोन.

यंदा साहेबांनी बजावलं होतं, "सर, साठाच्या खाली गेली की ती सेविका कमी करायची."

चैत्रातली दुपार. पावणेबाराला गुरुपादप्पा उदगिरात शिरला आणि टँकरच्या रांगेत त्याला संस्थेचा निळा एप्रन दिसला. एप्रनच्या आत दानम्मा, दानम्माच्या खाली घागर. तिची वेळ होती अकरा ते दोन, खाटेला खिळलेल्या पार्वतव्वाच्या घरी.

"दानम्मा! ड्यूटीवर जाताना वाटेत बसलीस, का टँकरलाच सेवा द्यायलीस?"

दानम्मा घागरीवरून घसरलीच. "सर... खरं सांगू का? आज बावीस दिवस झाले, मी गेले न्हाई. टँकर ह्याच टायमाला येतोय. पयल्या दिवशी सांगायला गेले तर अव्वाच म्हणाली, 'दुसरी बाई यायलीय, तू पाण्याचं बघ.' मला वाटलं तुमीच पाठविली."

"आम्ही कुणालाही पाठवलं नाही."

"मग कोण करायलंय त्यांचं?"

"ते बघतो. तुला मात्र शून्य."

"सर, काढू नका हो! नोकरी गेली तर सासू मला ह्या रांगेतच कायमची बसवंल. तिथं अव्वा 'दानम्मा, बाई' म्हणती तरी. हितं नुसता नंबर हाय."

गुरुपादप्पानं गाडीला किक मारली. शून्य देताना त्याला नेहमीच हलकं वाटे.

पार्वतव्वाचं घर गल्लीच्या टोकाला, दोन खोल्यांचं, वर स्लॅब. मुलगा पुण्याला. समोर मडिवाळप्पाचं किराणा दुकान. घराची किल्ली त्याच्याकडेच. कुलूप काढता काढता तो म्हणाला, "सर, तुमच्या फार्मात एक प्रश्न वाढवा. ती बाई पाणी कुठून आणती?"

"तुम्हीच का नाही विचारलं?"

"कुणाला इचारू? बाई दिसत न्हाई. नुसती घागर जाताना दिसती."

गुरुपादप्पानं फॉर्मच्या समासात लिहिलं, 'शेजाऱ्याची दृष्टी अधू.'

आत पाऊल टाकलं आणि त्याच्या अंगावर काटा आला. बाहेर उन्हानं डांबर पातळ झालेलं, आणि इथं गारवा. नुकतं सारवण केल्यासारखा ओल्या मातीचा वास. कोपऱ्यातला रांजण काठोकाठ भरलेला. खाटेवर पार्वतव्वा. डाव्या अंगावरून वारं गेलेलं, पण केस धुऊन तेल लावलेले, लुगडं धुतलेलं, कपाळावर विभूतीचे तीन पट्टे फूटपट्टी धरून ओढल्यासारखे सरळ.

दोन मार्क कुठं कापावेत, हे गुरुपादप्पाला पहिल्यांदाच सुचेना.

"अव्वा, अंघोळ घालतात?"

"रोज. दोन घागरी."

दोन घागरी! आख्खी गल्ली वाटीभर पाण्यात तोंड धुवत होती.

"बाई वेळेवर येते?"

"बाराच्या ठोक्याला."

"दार कोण उघडतं?"

"तिला उघडावं लागत न्हाई."

त्यानं लिहिलं, 'स्वतंत्र किल्ली असावी.'

"कामाच्या वेळेत मोबाईलवर बोलते का?"

"मोबाईल? तिच्या टायमाला तारसुदिक आमच्या गल्लीत येत नव्हती."

'मोबाईल वापरत नाही. उत्तम.'

"हात स्वच्छ असतात?"

"गार असतेत. लई गार..."

भिंतीवरच्या घड्याळानं बारा टोले दिले. गुरुपादप्पा मान खाली घालून लिहीत होता. त्यानं मान वर केली, तर उंबऱ्यापासून स्वयंपाकघरापर्यंत फरशीवर ओली पावलं उमटलेली. बोटं दाराकडं, टाचा आत.

"आत्ता कोण गेलं इथून बाहेर?"

"गेलं कुठं?" पार्वतव्वा हसली. "आली की..."

स्वयंपाकघरात घागर टेकल्याचा आवाज झाला. मग बांगड्यांचा.

गुरुपादप्पाचा हात आपोआप गळ्यातल्या इष्टलिंगाकडं गेला. ओठ 'ओम नमः शिवाय' म्हणू लागले, पण आवाज काही सोबतीला आला नाही.

"भिऊ नका, सर," पार्वतव्वा हळूच म्हणाली, "तिच्या बी गळ्यात हाय. आपल्यातलीच हाय बसम्मा."

गुरुपादप्पाचा शेवटचा उपाय तिथंच संपला.

"बहात्तरच्या दुष्काळात माझा थोरला झाला. बाळंतिणीला चाळीस दिवस न्हाऊ घालीन, असा शब्द दिला होता तिनं. अठरा न्हाणी झाली. एकोणिसाव्या दिवशी समोरच्या आडात पाण्याला उतरली, ती वर आलीच न्हाई. आता त्या आडावर मडिवाळप्पाचं दुकान हाय... राहिलेली बावीस न्हाणी घालायला आली बघा. आज शेवटचं."

"अव्वा... तुम्हाला भीती नाही वाटली?"

"वाटली की. पन अंग इतकं घाण झालं होतं, सर... म्हटलं, आदी न्हाऊन घ्यावं, मग भ्यावं."

स्वयंपाकघराचा पडदा हलला. पडद्याआडून, आडाच्या तळातून यावा तसा आवाज आला.

"किती मार्क दिले...?"

तीस वर्षांची सवय, जीभ पुढं धावली. "अठ्ठ्याण्णव."

"दोन... कशाचे कापले?"

"अ... अक्षराचे."

"मला लिहिता येत न्हाई..."

खोलीतला गारवा वाढला. गुरुपादप्पाच्या चष्म्याच्या काचांवर धुकं आलं. चैत्रात, उदगिरात, धुकं! त्यानं अंदाजानंच खोडलं आणि आयुष्यात पहिल्यांदा शंभर लिहिले. आकड्यातही आणि अक्षरातही.

"उद्या मी न्हाई..." आवाज म्हणाला. "दानम्माला पाठवा. फार्मावर नाव तिचंच हाय न्हवं?"

होतं. छापलेलंच होतं. तिला काढलं तर उद्या अव्वाला पाणी घालायला जिवंत म्हणा, मेलेलं म्हणा, कुणीच उरणार नव्हतं. गुरुपादप्पानं खाली ओळ जोडली, 'दानम्माची वेळ दुपारी तीननंतर करावी. टँकर गेल्यावर.' आणि सेविकेच्या सहीची जागा पडद्याकडं धरून डोळे मिटले. कागदावर काहीतरी गार टेकलं.

डोळे उघडले तर अंगठा उमटलेला. शाईचा नव्हे, पाण्याचा.

बाहेर मडिवाळप्पानं गाठलं. "इचारलं का, पाणी कुठलं?"

"तुमच्या दुकानाखालचं."

ऐकताच मडिवाळप्पानं साखरेची पोती बाजूला सारली, पहार आणून स्वतःच्याच दुकानाची फरशी उचकटली. पुढं पाच महिने गल्ली तो आड वाकून वाकून बघत होती. ठणठणीत कोरडा. तळाला धूळ, आणि धुळीत नुकतीच टेकवून उचलावी तशी घागरीची गोल खूण.

त्या दुपारी परतताना रांगेत दानम्मा अजून घागरीवरच होती. तिच्यापुढून जाताना गुरुपादप्पानं गाडी हळू केली. "शंभर पडले तुला. उद्या तीनला जा. आणि... नीट घाल गं पाणी."

दानम्मा उठून उभी राहिली, आणि तेवढ्यात मागच्या बाईनं तिचा नंबर घेतला.

दिवस बुडायच्या आत तो लातूरला घरी पोचला. बायको नागुबाई दारातच उभी, तोंडभर हसू.

"अहो, पिंप भरलं! काठोकाठ!"

"आगगाडीचं सोडलं का?"

"कसलं आगगाडीचं! तुमच्या संस्थेची एक बाई आली होती. लई गुणाची. तुमचं वय इचारलं, दुखणंखुपणं इचारलं, अंघोळीला ऊन पाणी लागतं का गार, इचारलं. म्हणली, 'आधीचं काम आजच उरकलं, आता रिकामीच हाय. शंभर मार्कांची हाय मी, सरांनीच दिलेत.'"

गुरुपादप्पा उंबऱ्यातच थबकला. "मग... गेली कधी?"

"आत्ताच गेली असंल की. ही काय तिची पावलं, अजून वाळली न्हाईत."

त्यानं खाली पाहिलं. उंबऱ्यापासून न्हाणीघरापर्यंत ओली पावलं होती, बोटं दाराकडं, टाचा आत.

खिशातला चष्मा डोळ्यांवर चढवून, गुडघ्यावर बसून, त्यानं बाहेर गेलेलं, म्हणजे टाचा दाराकडं असलेलं, एक तरी पाऊल सापडतंय का, ते सगळ्या घरात शोधलं.

सापडलं नाही.