कृष्णातचा सोलो

रविवारी जेवण आटोपल्यावर सुनयना खाली गेटवर गेली, ती फक्त एक पाकीट आणायला. सानपाड्यातली ती सोसायटी रविवारी दुपारी अशी पेंगते की गेटवरचं कुत्रंसुद्धा मान वर करत नाही. पोपट वॉचमननं पाकीट पुढं केलं. तो दिवाळीनंतर कामाला लागलेला, तोंडानं मोकळा.

"मॅडम, लोक बोलतात तुमच्याकडं पियानो हाय. मी तर कधी आवाज ऐकला नाय."

"बंद आहे सध्या," म्हणून सुनयना लिफ्टकडं वळली. हे 'सध्या' वर्षभर चाललं होतं.

पाकिटात पेन ड्राइव्ह होता, रणजीतनं खांदेश्वरहून पाठवलेला. तिघांचा जॅझचा संच होता: सुनयना पियानोवर, रणजीत ड्रम्सवर आणि कृष्णात बासवर. बास म्हणजे माणसाहून उंच व्हायोलिन समजा, उभं राहून बोटांनी छेडायचं. नवी मुंबईत जॅझ ऐकायला येतं कोण, असं तुम्ही विचाराल, आणि बरोबरच विचाराल. दोन रांगा भरल्या तरी तिघं खूश असायचे. पण रणजीत प्रत्येक कार्यक्रम इमानेइतबारे रेकॉर्ड करायचा. आता कृष्णातच्या आठवणीसाठी त्यातलं निवडक काढायचं होतं, आणि शेवटच्या कार्यक्रमातलं घ्यायचं की नाही, ते सुनयनानं ऐकून सांगायचं होतं. त्या कार्यक्रमानंतर आठवड्याभरात कृष्णात झोपेतच गेला होता.

कृष्णातचे वडील वाशीच्या मार्केटात माथाडी. त्यामुळे की काय, बास उचलायला तो कुणाला हात लावू द्यायचा नाही. तालमीला सुनयनाकडं सातव्या मजल्यावर यायचं तर लिफ्टमध्ये ते धूड मावायचं नाही. मग पठ्ठ्या पाठीवर घेऊन जिन्यानं चढायचा आणि प्रत्येक वळणावर ते भिंतीला टेकवून दम खायचा. लाकूड टेकल्याचा तो आवाज आला की सुनयना चहा टाकायची. तिचा त्याच्यावर जीव होता. हे तिनं कुणालाच सांगितलं नव्हतं, त्याला तर नाहीच. तो गेला आणि तिनं पियानोवर चादर घातली. शाळेतल्या पोरांनाही ती आता नुसतं तोंडानं गाणं शिकवायची.

तिनं पेन ड्राइव्ह स्पीकरला जोडला आणि खुर्ची ओढून बसली.

आधी हॉल ऐकू आला. खुर्च्यांची सरकवासरकवी, कुणाचा तरी खोकला, मागच्या रांगेतली कुजबुज. मग तिचा स्वतःचा पियानो, आणि मग कृष्णातचा सोलो. बासचा सोलो सुरू झाला की ती आणि रणजीत हात आवरून थांबायचे. सांगायचं सांगून झालं की कृष्णात बासच्या लाकडी पोटावर बोटाच्या पेरानं दोनदा टकटक करायचा. ती खूण. मग सुनयनानं यायचं.

ती टकटकीची वाट बघत राहिली. सोलो संपेना. भिंतीवर ऊन सरकलं, तरी तो वाजवतच होता. तिनं रणजीतला फोन लावला.

"रणजीत, त्या दिवशी कृष्णातचा सोलो किती लांबला होता रे?"

"लांबला कुठं? नेहमीसारखाच. टकटक केली आणि तू आलीस. का गं?"

"अजून चालूच आहे…"

"फाइल करप्ट झाली असेल. टेन्शन नको घेऊ. बंद कर ते."

तिनं बंद केलं नाही. खरं सांगायचं तर तिला करवेना. वर्षभर त्या घरात तिच्या भांड्यांशिवाय दुसरा आवाज नव्हता. आज कुणीतरी सोबत होतं.

मग तिच्या लक्षात आलं की हॉलमधला खोकला थांबलाय. खुर्च्याही वाजत नव्हत्या. बासच्या मागे आता एक पंखा घरघरत होता, अधूनमधून कुरकुरणारा, थेट तिच्या पंख्यासारखा. स्पीकरमधून लांबून हाक आली, "ए भंगाऽऽर…" रेकॉर्डिंगमध्ये भंगारवाला कुठून आला, असं तिच्या मनात येतंय तोवर खिडकीखालच्या रस्त्यावरून तीच हाक उठली. तोच सूर, तोच लांबलेला शेवट.

स्पीकरमध्ये टकटक झाली.

त्यामागोमाग स्पीकरमध्येच चादर सळसळली, झाकण उघडल्याचा आवाज आला. सुनयनानं खाली पाहिलं. ती पियानोपाशी उभी होती आणि चादर तिच्या हातात होती.

ती स्टुलावर बसून वाजवू लागली. स्पीकरमधून काय येतंय आणि हातांतून काय, हे थोड्या वेळानं तिला कळेनासं झालं. बोटं अडखळत होती, डोळे वाहत होते. बास तिला सांभाळून घेत होता, पूर्वी घ्यायचा तसाच. वर्षभरात ती इतकी सुखात नव्हती.

सूर विरले. टाळ्या झाल्या नाहीत. स्पीकरमध्ये नुसता पंखा घरघरत राहिला आणि तिला घर आधीपेक्षाही रिकामं वाटलं.

इंटरकॉम वाजला.

"मॅडम, पोपट बोलतोय. लय भारी वाजवलं, आज ऐकलं एकदाचं. आणि ते तुमचे साहेब आलेत… पाठीवर लाकडाचं एवढं मोठं धूड. लिफ्टमधी जाईना, म्हणून जिन्यानी गेले."

"कोण साहेब?"

"नाव नाय सांगितलं. बोलले, मॅडमनी बोलावलंय…"

ती येऊन पुन्हा स्टुलावर बसली. खालून कुठून तरी भिंतीला लाकूड टेकल्याचा आवाज आला. मग पावलं. मग पुन्हा लाकूड, आता वरच्या वळणावर. दाराला कडी होती. ती लावलेलीच ठेवायची, जागचं हलायचं नाही, बस्स. तिनं दोन्ही हातांनी स्टूल घट्ट धरलं. भीती वाटत होती आणि चहा टाकायचा राहिला, हेही मनात येत होतं.

तेवढ्यात स्पीकरमध्ये कडी निघाल्याचा आवाज आला. दार करकरलं. आणि तिचाच आवाज, वर्षभरात कधी नव्हता इतका आनंदी, म्हणाला, "ये."

रेकॉर्डिंग तिथं संपलं.

सुनयना अजून स्टुलावरच होती. तिच्या दारावर दोनदा टकटक झाली, ती त्यानंतर.