मसुद्यात ठेवलेलं

त्या दुपारी माझं एकच काम उरलं होतं. मेल सांभाळणाऱ्या एआय एजंटसाठी मी माहितीपत्रक लिहीत होते. कोणतं टूल काय करतं, ते कधी वापरायचं, कधी नाही. शोधणं, वाचणं, हलवणं झालं होतं, आता फक्त उत्तर देण्याचं टूल राहिलं होतं. एजंट माझ्या सासूबाईंच्या अगदी उलट. सांगू तेवढंच करतो. म्हणून सांगताना फार जपावं लागतं. मी लिहिलं होतं : खात्री असेल तर पाठवावे, खात्री नसेल तर मसुद्यात ठेवावे. खाली नमुन्यादाखल एक उत्तरही दिलं होतं.

चाचणीसाठी वेगळा मेलबॉक्स मागायला हवा होता. पण फॉर्म भरा, दोन दिवस थांबा... मी माझाच देऊन टाकला आणि टूल चालू केलं. सात महिन्यांची लेक घरात असली की माणूस सगळीकडे असे आडमार्ग शोधतो.

ती आतल्या खोलीत झोपली होती, जमिनीवरच्या मोठ्या गादीवर. दार लोटलेलं. घरात फ्रिजचा आवाज आणि तिच्या अंगाच्या तेलाचा वास.

तीन वाजून दहा मिनिटांनी मसुद्यात एक ओळ आली. ‘तिने कूस बदलली.’

मी हसले. मग उठून पाहून आले. मघाशी उताणी होती, आता भिंतीकडे तोंड होतं. मुलं वळतातच, असं स्वतःला सांगून परत बसले. सांगायला मी हुशार, ऐकायला नाही.

दुसरी ओळ आली. ‘डावा मोजा निघाला.’

डावाच निघाला होता. मी तो तसाच ठेवून दार ओढून घेतलं आणि आमच्या सीनियरला फोन लावला.

“नमुन्यात बाळाचं काही लिहिलंयस का?” त्याने विचारलं.

लिहिलं होतं. ‘बाळ झोपलंय, नंतर फोन करते.’

“मग झालं तर. ते नमुन्यालाच धरून बसतं. वाक्य बदल.”

“आणि मोजा?”

“अगं, मोजे निघतातच. माझ्या मुलीचा एकही कधी पायात राहिला नाही.”

“पण डावा...”

“दोनच तर असतात. बरं, मीटिंग आहे माझी. झोप जरा.”

पटलं मला. म्हणजे पटवून घेतलं. लॅपटॉपच्या कॅमेऱ्यावर चिकटपट्टी होती, मध्ये भिंत होती, तरी पटवून घेतलं. नमुन्यातलं बाळ खोडलं आणि तिथे बिलाची चौकशी घातली. टूल पुन्हा चालवलं.

‘कुरकुरत होती. थोपटल्यावर शांत झाली.’

तेव्हा मला तो आवाज ऐकू आला. दाराआडून. दुपट्यावरून, सावकाश, एका लयीत... थप. थप. थप. माझे दोन्ही हात कीबोर्डवर होते.

उठायचं होतं, पण उठले नाही. आई म्हणवणाऱ्या बाईने अशा वेळी धावत सुटायला हवं, मी मात्र आवाज मोजत बसले. अकराव्या थापेला तो थांबला.

आणि मेल आली. या वेळी मसुद्यात नाही, सरळ इनबॉक्समध्ये. म्हणजे आता त्याला खात्री होती.

‘दार उघडू नकोस. आत्ता कुठे डोळा लागलाय.’

मी दार उघडलं. खोलीत कोणी नव्हतं. खिडकीला कडी होती. लेक गाढ झोपलेली, गळ्यापर्यंत दुपटं नीट खोचलेलं. मी असं कधी खोचत नाही, ती लाथा मारते. दुपट्यासकट तिला उचललं आणि अनवाणीच जिन्यात जाऊन बसले. नवऱ्याला फोन केला. काय बोलले आठवत नाही. “आहेस तिथेच थांब,” एवढंच तो म्हणाला.

तो आला तेव्हा ती जागी होऊन माझ्या कुर्त्याच्या खांद्यावरची बटणं चोखत होती. तिला काही झालं नव्हतं. त्याने लॅपटॉप बंद केला, स्वयंपाकघर पाहिलं, कपाटं उघडली, मग आतल्या खोलीत गेला. मी उंबऱ्यावरच थांबले.

“काही नाहीये गं,” तो हळू आवाजात म्हणाला. “बघ तू.” मग गादीपाशी वाकला. “तू पण झोपली होतीस ना इथे?”

लेकीच्या इवल्याशा खळग्याशेजारी दुसरा खळगा होता. लांब. कुशीवर, तिच्याकडे तोंड करून कोणी पडावं तसा.

“हो,” मी म्हणाले. त्याला दुसरं काय सांगणार होते?

त्याने त्यावर तळहात ठेवला. “म्हणूनच. गरम आहे अजून.”

आम्ही दोघी जिन्यात जाऊन बसलो, त्याला चाळीस मिनिटं झाली होती.