तितराचं झाकण

नोरीनने पेल्याच्या काठावर नखाने टिचकी मारली आणि कान जवळ नेला.

"घरात कुणी आहे का?" मागून कुणीतरी विचारलं.

"कुणी नाही," मागे न बघताच ती म्हणाली. "साधी काच आहे. शिसं घातलेली असती तर खणखणून उत्तर दिलं असतं."

मग तिने मागे बघितलं. दार अडवेल असा उंच माणूस. तांबूस दाढी, वाऱ्याने भाजलेले गाल, आणि फावड्याएवढ्या तळहातावर काचेची एक मीठदाणी, अंगुस्तानाएवढी. जेवताना प्रत्येकाच्या ताटाशेजारी ठेवायची तसली. एवढ्या मोठ्या माणसाने एवढीशी वस्तू एवढ्या जपून धरलेली बघून नोरीनला हसू आलं, पण तिने ते मफलरमध्ये लपवलं.

"तुमची दाढ पडली वाटतं," ती म्हणाली.

"हो. आज ही मिळाली, तर अशा एकशे बारा होतील."

त्याचं नाव वेंडेल प्रॉसर. ओहायो नदीवर कोळशाचे तराफे ढकलणाऱ्या बोटीवर तो कामाला होता. अठ्ठावीस दिवस पाण्यावर, अठ्ठावीस दिवस काठावर. बोटीवरच्या खोलीत एकच फळी मिळते, म्हणून तो लहानात लहान काच जमवतो, असं त्याने सांगितलं. नोरीनने मान डोलावली आणि ती पुढच्या खोक्याकडे सरकली. माणसांशी फार बोलायची तिला सवय नव्हती. आठवडाभर ती शिवणकामाच्या दुकानात दुसऱ्यांच्या पँटी आखूड करायची, आणि शनिवार आला की असल्या शेतांवरच्या लिलावांना जायची. आधी वडिलांबरोबर, ते गेल्यावर एकटी.

त्या दिवशीचा लिलाव एका म्हाताऱ्या शेतकरीणबाईच्या सामानाचा होता. कोठारात गवताच्या गंजीला टेकून पन्नास खोकी ओळीने मांडली होती. वस्तू सुटी विकायची नाही, खोकं जसं आहे तसं घ्यायचं, असा तिथला रिवाज. एका चांगल्या पेल्यासाठी माणूस दोन गंजके तवे आणि अर्धा डझन तुटक्या छत्र्या घरी नेतो.

एक्केचाळीसाव्या खोक्यात नोरीन वाकली. भांडी पुसायच्या फडक्यांखाली लोण्याची बशी होती. बशीभर काचेत उमटवलेली नेच्याची पानं, वर घुमटासारखं झाकण, आणि झाकणाच्या टोकावर मुठीत मावेल असा बसलेला तितर, पंख मिटून, मान किंचित वळवून. साच्यात दाबून काढलेली शंभर वर्षांपूर्वीची काच, पण त्या तितराची नजर अजून शाबूत होती.

या नक्षीचा चार वस्तूंचा संच असतो. साखरेचं भांडं, दुधाचा चंबू आणि चमचे उभे ठेवायचा पेला, या तिघी तिच्या घरी होत्या. पहिली वडिलांनी आणली, दुसरी दोघांनी मिळून, तिसरी तिने एकटीने. चौथी बारा वर्षं सापडत नव्हती. वडील शेवटच्या आजारपणातही विचारायचे, तितर मिळाला का.

तिने हळूच फडकी पुन्हा वर पसरली, त्यावर एक फुटकी किसणी ठेवली आणि उभी राहिली. पलीकडे सेहेचाळीसाव्या खोक्यापाशी तो उंच माणूस उगाचच कोठाराच्या वाशांकडे बघत होता.

बोली लागली तेव्हा किसणीने आपलं काम चोख केलं. खोकं तीन डॉलरला सुटलं. नोरीनने ते बाहेर गाडीच्या बोनेटवर ठेवलं, फडकी बाजूला केली...

बशी होती. झाकण नव्हतं.

तिने खोकं पालथं करायचंच बाकी ठेवलं. डोळ्यांत पाणी येऊन थंडीने तिथेच गोठेल की काय, असं तिला वाटलं. तेवढ्यात बर्फावर जड बूट वाजले.

"हा पक्षी तुमचा का?" वेंडेलने कोटाच्या आतून झाकण काढलं. आपण घेतलेल्या खोक्यात निघालं, म्हणाला.

लिलावात असं होतं खरं. मांडामांड करणारे घाईत झाकण एकीकडे आणि भांडं दुसरीकडे टाकतात. पण अर्ध्या तासापूर्वी आपण ते जागेवर बघितलं होतं, हे नोरीनला नीट आठवत होतं. आनंदाच्या भरात तिने तो विचार मागे ढकलला आणि पर्स उघडली. त्याने पर्सकडे बघितलंसुद्धा नाही. पैसे नकोत म्हणाला. बाकीच्या तिघी बघायला मिळाल्या तर उद्या दुपारी झाकण घरपोच आणून देईन, कॉफी मात्र लागेल. उद्याच, कारण सोमवारी पहाटे बोट सुटते.

"आणि बशी घरी नेऊन लगेच धुऊ नका," तो म्हणाला. "आज पारा फार खाली आहे. आधी काचेला ऊब येऊ द्या."

"मिस्टर प्रॉसर, मी बारा वर्षं हे करतेय. पोहणाऱ्याला पाणी कसं ओलं असतं ते सांगू नका."

तो हसला. तिच्या घरचा पत्ता त्याने मीठदाणी गुंडाळलेल्या कागदावर लिहून घेतला.

रविवारी चर्चमधून आल्यापासून नोरीनने खिडकीचा पडदा किती वेळा सरकवला, ते तिच्या आईने मोजलं असणार. "अजून एकदा ओढलास तर कड्या गळून पडतील," मिसेस कास्पर म्हणाल्या. त्या अक्रोडाचा रोल कापत होत्या, आणि रविवारी कुणी नुसती काच दाखवायला एवढ्या लांब येत नाही, हे त्यांनी मुलीला तीन वेळा सुनावलं होतं. माणूस काच दाखवायला नाही, बघायला येतोय, असं नोरीन म्हणाली. तेच म्हणतेय मी, आई म्हणाली.

पाऊण वाजता नोरीनला आठवलं, की बशी अजून मागच्या व्हरांड्यातच आहे. तिने ती आत आणली. नेच्याच्या पानांत कोठाराची धूळ बसलेली, कडेला जुन्या लोण्याचा पिवळा थर. आणि तो तासाभरात येणार. तिघींशेजारी ही अशी मळकी ठेवायची? मोरीच्या हौदात आईने भांड्यांसाठी साबणाचं पाणी काढून ठेवलंच होतं. कोमट असेल असं तिने धरलं. हातही घालून बघितला नाही.

टक्.

आवाज एवढाच झाला. काठापासून मधल्या पानापर्यंत केसासारखी एक रेघ उमटली.

तिने स्वतःला हजारदा बजावलं होतं, की थंडीतून आलेली काच दिवसभर तशीच बसू द्यावी. वडिलांनी तिला शिकवलेला तो पहिला धडा. नोरीन बशी हातात घेऊन स्टुलावर बसली. आई आली, बघितलं. फक्त पाण्यात बोट घालून म्हणाली, "कढत आहे गं." आणि मुलीच्या केसांवरून ओला हात फिरवून परत गेली.

दोन वाजता बेल वाजली. नोरीनने बशी शोकेसवर अशी ठेवली, की रेघ भिंतीकडे जाईल.

वेंडेल बूट काढून मोज्यांवर आत आला. मोज्याला एका अंगठ्यापाशी भोक होतं. झाकण त्याने स्वतःच्या मफलरमध्ये गुंडाळून आणलं होतं, पण लगेच सोडेना. ट्रक गार आहे, निदान दोन तास तरी तसंच राहू दे, म्हणाला. मफलरचं गाठोडं टेबलावर ठेवलं आणि दोघं त्याच्या दोन बाजूंना बसली, दवाखान्यात रुग्णाजवळ बसावं तशी.

ते दोन तास नोरीनला पुढे कितीतरी दिवस पुरले. नदीवर पहाटे धुकं इतकं दाट येतं, की आपल्याच तराफ्याचं टोक दिसत नाही, नुसता आवाज ऐकून बोट चालवतात, हे त्याने सांगितलं. माणसाच्या चालण्यावरून त्याची पँट कुठे घट्ट आहे ते आपल्याला ओळखता येतं, हे तिने सांगितलं. त्यावर तो जागच्या जागी ताठ बसला. तिने वडिलांबद्दलही सांगितलं... ते ती कुणाला सांगत नसे. अक्रोडाचा रोल अर्धा संपला. आणि तो जितका आवडू लागला, तितकी भिंतीकडची ती रेघ तिला टोचू लागली. या माणसाला काचेची कदर आहे. त्याला कळलं, की मी ऐटीत उत्तर दिलं आणि दुसऱ्याच दिवशी...

चार वाजता त्याने मफलर सोडला. तितर उन्हात चमकला. तो झाकण घेऊन शोकेसपाशी गेला.

"थांबा," नोरीन म्हणाली.

तिने बशी फिरवली. रेघ त्याच्याकडे आली.

"गरम पाण्यात घातली. तुम्ही सांगितलं होतं. मला आधीच माहीत होतं. तरी घातली... तुम्ही यायच्या आधी ती चकचकीत दिसावी म्हणून."

 एका हाताने झाकण छातीशी धरून, दुसऱ्याने त्याने मान खाजवली. कानाच्या पाळ्या दाढीहून लाल झाल्या.

"मग आता माझंही ऐका," तो म्हणाला. "झाकण माझ्या खोक्यात निघालं नाही. मी ते तुमच्या खोक्यातून काढून माझ्या खोक्यात ठेवलं."

 लिलावात खोक्यातली वस्तू हलवणं याहून मोठं पाप त्या भागात नाही. नुसत्या संशयावरून माणसाला कोठाराची पायरी चढू देत नाहीत.

"नोव्हेंबरपासून तुम्हाला बघतोय," तो म्हणाला. "काठावर असलो, की दर शनिवारी. तुम्ही पेल्यांशी बोलता, माणसांशी नाही. काल पहिल्यांदा धीर केला, तर दोन वाक्यांत निघून गेलात. सोमवारी बोट... म्हटलं, झाकण माझ्याकडे असलं तर तुम्हाला बोलावंच लागेल."

स्वयंपाकघरातला कपबशांचा आवाज एकदम थांबला होता.

नोरीनला राग यायला हवा होता. तिने तो शोधलाही. पण त्याऐवजी एक वेगळंच गणित तिच्या डोक्यात आलं आणि ती हसायला लागली. डोळे पुसत हसली. झाकण तिच्याच खोक्यात राहिलं असतं, तर तिने दोन्ही एकदमच त्या पाण्यात बुडवली असती. तितर आज वाचला, तो या चोरामुळे.

"ठेवा," ती म्हणाली.

त्याने झाकण बशीवर ठेवलं. ते जराही न डुगडुगता बसलं. नेच्याच्या पानांत रेघ हरवली. असेना का, असं तिला वाटलं. चौघी एका ओळीत उभ्या होत्या. बारा वर्षांनी. वडील असते तर त्यांनी आधी तिला रागावून घेतलं असतं आणि मग कौतुकाने टोपी काढली असती.

निघताना तो दारात बूट घालायला फार वेळ लावत होता. नाडी बांधून झाली, सुटली, पुन्हा बांधली. नोरीन आत गेली. परत आली तेव्हा मफलरचं गाठोडं तिच्या हातात होतं.

"हे घेऊन जा."

त्याने गाठोडं हातात तोललं आणि त्याचा चेहरा उतरला. "झाकण? राग आलाय का?"

"तुझ्या फळीवर मीठदाण्यांशेजारी मावेल," ती म्हणाली. "झाकण दुसऱ्याच्या खोक्यात असलं, की माणसाला परत बोलावं लागतं. ही युक्ती तुझीच ना?"

वेंडेलने गाठोडं कोटाच्या आत ठेवलं, पिल्लू ठेवावं तसं, आणि तो पायऱ्या उतरला. तिसऱ्या पायरीवर थांबून मागे वळला.

"अठ्ठावीस दिवस," तो म्हणाला.

"सत्तावीसच मोज," ती म्हणाली. "आजचा संपत आला."

मार्चमध्ये तो आला तेव्हा पुन्हा थंडी पडली होती. दारातच तो मफलर सोडायला लागला. नोरीनने गाठोड्यावर हात ठेवला.

"बसू दे त्याला," ती म्हणाली. "तूही बस. आज बोट नाहीये."